निवासी डॉक्टरांचे स्वास्थ्य आणि सहजीवन : प्रस्तावना

वैद्यकाची पदवी आणि वर्षभराची आंतरवासिता पूर्ण केल्यानंतर जे तरुण डॉक्टर एम.डी., एम.एस. किंवा डी.एन.बी. यांसारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तीन वर्षे रुग्णालयात राहून शिकतात आणि काम करतात, त्यांना निवासी डॉक्टर म्हणतात. महाराष्ट्रातील शासकीय अथवा महापालिकेच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात मध्यरात्रीनंतर रुग्णाला जो डॉक्टर प्रथम भेटतो, तो बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच असतो. विद्यापीठाच्या लेखी तो विद्यार्थी असतो, कारण तो शुल्क भरतो, प्रबंध लिहितो आणि परीक्षा देतो; रुग्णालयाच्या लेखी तो मनुष्यबळ असतो, कारण वॉर्ड, अपघात विभाग आणि शस्त्रक्रियागृह त्याच्यावाचून चालत नाहीत आणि त्यासाठी त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. या दुहेरी स्थानाचा परिणाम असा झाला आहे, की त्याच्या श्रमांचा हिशोब ठेवण्याची जबाबदारी कोणावरच निश्चितपणे येत नाही. कामाचे तास वाढले तर ते शिक्षण ठरते आणि शिक्षण कमी पडले तर सेवेचा ताण पुढे केला जातो. प्रस्तुत ग्रंथाचा विषय या डॉक्टरांचे शारीरिक व मानसिक स्वास्थ्य आणि त्यांचे आपसातील सहजीवन हा आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढून समजत नाहीत, आणि त्या दोहोंचे मूळ कामाच्या रचनेत आहे, ही या ग्रंथाची मुख्य भूमिका आहे.

या प्रशिक्षणपद्धतीचा उगम १८८९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सापडतो. तेथे विल्यम ऑस्लर यांनी वैद्यकशास्त्रात आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी शल्यचिकित्सेत अशी व्यवस्था घातली, की शिकणाऱ्या डॉक्टराने रुग्णालयाच्या आवारातच राहावे, दिवसरात्र उपलब्ध असावे आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने जबाबदारी वाढवत न्यावी. पुस्तकी व्याख्यानांपेक्षा रुग्णाच्या खाटेपाशी होणाऱ्या शिक्षणाला तिने प्रतिष्ठा दिली, हे तिचे मोठे योगदान आहे आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ती व्यवस्था ज्या गृहीतांवर उभी होती, ती आज उरलेली नाहीत. शिकणारा अविवाहित पुरुष असेल, त्याच्यावर घरची जबाबदारी नसेल, त्याच्या राहण्याजेवण्याची चिंता रुग्णालय वाहील, आणि रुग्णांची संख्या खाटांच्या संख्येएवढीच राहील, हे सारे तेव्हा धरून चालले होते. भारतीय शासकीय रुग्णालयात जमिनीवर गादी टाकूनही रुग्ण दाखल करावा लागतो, कारण पुढे पाठवण्याजोगे दुसरे ठिकाण नसते. निवासी डॉक्टरांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि ज्या वयात हे प्रशिक्षण चालते त्याच वयात विवाह, बाळंतपण आणि आईवडिलांची आजारपणे येतात. अथक शल्यविशारदाचा जो आदर्श हॉल्स्टेड यांच्या नावाने पुढे सांगितला गेला, त्याबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते, ती अशी की त्यांना कोकेनचे आणि नंतर मॉर्फिनचे व्यसन जडले होते. थोर शिक्षकाचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. परंतु न थकणाऱ्या माणसाची प्रतिमा हे प्रशिक्षणाचे मोजमाप असू नये, एवढे त्यातून निश्चित ठरते.

थकवा आणि कोमेजलेपण यांत फरक आहे, आणि या ग्रंथात तो पुन्हा पुन्हा येणार असल्याने येथेच स्पष्ट करणे इष्ट होय. पुरेशी झोप आणि दोन दिवसांची सुटी मिळाल्यावर जो जातो तो थकवा. ज्याला इंग्रजी संज्ञेवरून ‘बर्नआउट’ म्हटले जाते, ती अवस्था दीर्घकाळच्या कार्यताणातून येते आणि तिची तीन अंगे मानली जातात : भावनिक निःशेषता, म्हणजे देण्यासारखे आपल्यापाशी काही उरले नाही अशी भावना, माणसांविषयीचा दुरावा, ज्यात रुग्ण हा नावाने न ओळखता खाट क्रमांकाने वा आजाराने ओळखला जाऊ लागतो, आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही अशी कर्तृत्वाविषयीची निराशा. क्रिस्टिना मॅसलॅक यांनी १९८१ मध्ये या तीन अंगांवर आधारलेली मोजपट्टी सिद्ध केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या अवस्थेची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित घटना म्हणून केली. हा भेद महत्त्वाचा आहे. अवस्था कामातून उद्भवत असेल, तर तिच्यावरचा उपाय केवळ व्यक्तीच्या मनावर करून भागणार नाही. योगवर्ग, ध्यानाचे शिबिर किंवा ताणव्यवस्थापनावरचे व्याख्यान यांचा काही उपयोग होत असेलही. पण तीस तास जागलेल्या डॉक्टरला सक्तीने अशा व्याख्यानाला बसवले, तर त्याच्या झोपेतला आणखी एक तास जातो आणि आपल्या दुःखाला आपलीच दुर्बलता कारणीभूत आहे असा समज त्याच्या मनात पक्का होतो.

कामाच्या तासांविषयी भारतात नियम नाहीत असे नाही. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी योजनेत सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा अधिक नाही अशी मर्यादा नमूद होती, अर्थात कामाच्या निकडीचा अपवाद ठेवूनच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांत निवासी डॉक्टरांनी ‘वाजवी’ तास काम करावे, त्यांना विश्रांतीसाठी वाजवी वेळ द्यावा, आणि निकड नसल्यास आठवड्याची एक सुटी मिळावी अशी भाषा आली. त्यानंतर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी याच आयोगाने नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाने २०२४ च्या अहवालात आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा, साप्ताहिक सुटी आणि रोज सात ते आठ तासांची झोप यांची शिफारस केली. तीन दशकांचा हा प्रवास नीट पाहिला, तर आधी आकडा होता, मग आकड्याची जागा विशेषणाने घेतली, आणि पुन्हा आकडा आला तेव्हा तो दीडपटीहून मोठा होता. कृतिदलाला दोष देण्यासाठी हे येथे नमूद केलेले नाही. त्याने प्रत्यक्षात चालणाऱ्या तासांपेक्षा खाली येणारी आणि पाळता येण्याजोगी मर्यादा शोधली, असेच म्हणावे लागेल. परंतु ७४ तास हेही जिथे सुधारणा ठरतात, तिथला मूळ आकडा काय असेल याचा विचार वाचकाने करावा.

नियम असूनही तो पाळला का जात नाही, याचे उत्तर वॉर्डाच्या व्यवस्थेत आहे. मोठ्या रुग्णालयातला विभाग अनेक युनिटांत विभागलेला असतो आणि प्रत्येक युनिटला आठवड्यातला एक ठरलेला ‘इमर्जन्सी’चा दिवस असतो, त्या दिवशी अपघात विभागातून येणारा त्या विषयाचा प्रत्येक रुग्ण त्याच युनिटकडे दाखल होतो. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर केसपेपर लिहितो, रक्त काढतो, रिपोर्ट मिळवतो, रक्तपेढीत जातो, नातेवाइकांशी बोलतो. दुसऱ्या वर्षाचा उपचाराचे निर्णय घेतो आणि तिसऱ्या वर्षाचा साऱ्यावर लक्ष ठेवून गुंतागुंतीचे रुग्ण पाहतो. सकाळी आठला सुरू झालेला हा दिवस दुसऱ्या सकाळी आठला संपत नाही, कारण रात्रीत दाखल झालेल्या रुग्णांचा राऊंड त्यानंतर होतो, आणि राऊंडमध्ये निघालेली कामे ज्याने रुग्ण दाखल केला त्यालाच करावी लागतात. चोवीस तासांची ड्युटी छत्तीस तासांची होते ती अशी, कोणी तसा हुकूम न देताही. तिच्यातला मोठा भाग ज्याला वैद्यकीय म्हणता येईल असा नसतो : परिचर नसल्याने ट्रॉली ढकलणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, हरवलेला रिपोर्ट शोधणे, तोच मजकूर तीन अर्जांवर लिहिणे. एका वर्षाची तुकडी उशिरा आली तर हा सारा भार उरलेल्यांवर पडतो. पदव्युत्तर प्रवेशाची जी नीट परीक्षा जानेवारी २०२१ मध्ये अपेक्षित होती, ती सप्टेंबरमध्ये झाली आणि प्रवेशफेऱ्या जानेवारी २०२२ पर्यंत रखडल्या; त्या काळात, तेही महासाथीत, देशभरातील रुग्णालये पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांवाचून कित्येक महिने चालली.

या रचनेचा सहजीवनावर होणारा परिणाम फारसा लिहिला गेलेला नाही, आणि या ग्रंथाचे वेगळेपण असलेच तर ते तिथे आहे. युनिटमध्ये मोजकीच माणसे असल्यामुळे एकाने आजारपणाची रजा घेतली, की त्याचे काम दुसरीकडे कुठे न जाता थेट त्याच्या को-पीजीच्या, म्हणजे त्याच युनिटमधल्या समवयस्क सहकाऱ्याच्या अंगावर येते. विश्रांती ही तेथे हक्काची नसते. ती मित्राकडून उसनी घ्यावी लागते. म्हणून ताप असतानाही डॉक्टर ड्युटीवर येतो, गर्भवती डॉक्टर शेवटच्या आठवड्यांपर्यंत रात्रपाळी करते, आणि बहिणीच्या लग्नाला दोन दिवस गेलेला तरुण परतल्यावर मनातून अपराधी असतो. ज्यांनी एकमेकांचा आधार व्हायचे, त्यांनाच ही व्यवस्था एकमेकांचे देणेकरी बनवते. अशा वेळी संस्थेने कितीही स्नेहमेळावे भरवले, तरी माणसांत मोकळीक येत नाही. ती येण्यासाठी एक माणूस गैरहजर असतानाही युनिट चालेल एवढे जास्तीचे मनुष्यबळ लागते. सहजीवनाचा पाया पदसंख्येत आहे, हे म्हणणे रूक्ष वाटेल, पण ते खरे आहे.

जागरणाचे शरीरावर होणारे परिणाम आता वादाचा विषय राहिलेले नाहीत. सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. बॉस्टनमधील अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पारंपरिक दीर्घ पाळ्या करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी अधिक झाल्याचे आढळले. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन या अठरा वर्षांच्या तरुणीचा रुग्णालयात मृत्यू झाला आणि तिच्या वडिलांनी शिकाऊ डॉक्टरांच्या तासांचा प्रश्न लावून धरला. त्यातून १९८९ मध्ये त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा लागू झाली आणि २००३ मध्ये ती साऱ्या अमेरिकेतील प्रशिक्षणाला लागू करण्यात आली. येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पाळ्या आखूड केल्या की रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे अधिक वेळा सोपवला जातो, आणि प्रत्येक सोपवणुकीत काही ना काही सांगायचे राहते. शल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणावरील २०१६ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पाळ्यांचे नियम सैल ठेवल्याने रुग्णांच्या मृत्यूंत वा गंभीर गुंतागुंतींत वाढ दिसली नाही. या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते सोपवणुकीचे शास्त्र सुधारण्यात आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ रुग्णालयांत केलेल्या अभ्यासात, रुग्णाची माहिती ठरलेल्या क्रमाने तोंडी व लेखी सोपवण्याची पद्धत शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे सोपवणूक पुष्कळदा जिन्यात, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवरच्या एका ओळीत होते. तिच्यासाठी रोज अर्धा तास आणि एक जागा राखून ठेवणे हा फार महागडा उपाय नव्हे.

राहण्याच्या जागेविषयी थोडक्यात सांगता येईल. एका खोलीत ठरल्यापेक्षा अधिक डॉक्टर, खेळती हवा नसलेली ड्युटी रूम, रात्री दहानंतर बंद होणारी मेस आणि पावसाळ्यात वसतिगृहाभोवती साचणारे पाणी यांमुळे क्षयरोग, डेंग्यू आणि मलेरिया हे निवासी डॉक्टरांचे नेहमीचे आजार झाले आहेत. क्षयाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्याला सकस अन्न आणि उजेडाची खोली मिळू नये, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही.

युनिट हे निवासी डॉक्टरची शाळा आणि घर दोन्ही असते, आणि त्यातली उतरंड हे त्याचे बळ आहे तसाच धोकाही. मध्यवर्ती शिरेतली नळी पहिल्यांदा घालताना शेजारी उभा राहणारा, चूक झाल्यावर ती आपल्या नावावर घेणारा, पहिल्या पगारातून साऱ्या युनिटला जेवू घालणारा सिनिअर बहुतेकांना जन्मभर आठवतो. शासकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्याने केरळ, राजस्थान वा बिहारमधून आलेला डॉक्टर छत्रपती संभाजीनगरच्या वा नागपूरच्या वॉर्डात पहिल्याच दिवशी मराठी बोलणाऱ्या रुग्णासमोर उभा राहतो, आणि ‘कळ मारते’, ‘मळमळतंय’, ‘दम लागतो’ या शब्दांचे अर्थ त्याला सिनिअर, सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशीच शिकवतात. ही शिकवण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, पण रुग्णालये तिच्यावर चालतात. त्याच उतरंडीत पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला जेवायला न सोडणे, रुग्णांसमोर अपमान करणे, शिक्षा म्हणून लागोपाठ ड्युट्या लावणे यांना ‘घडवणे’ असे नाव मिळते, आणि ज्याने पहिल्या वर्षी हे सोसले तोच तिसऱ्या वर्षी ते करतो. महाराष्ट्राने रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ मध्येच केला. पण ज्याच्या सहीवर प्रबंध आणि परीक्षा अवलंबून आहे, त्याच्याविषयी तक्रार कोठे करायची, याचे उत्तर कायद्याने आपोआप मिळत नाही.

जातीचा प्रश्न या चर्चेतून वगळणे हा अप्रामाणिकपणा होईल. मुंबईत स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, आदिवासी समाजातून आलेल्या डॉ. पायल तडवी यांनी मे २०१९ मध्ये आपले जीवन संपवले. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. उच्च शिक्षणसंस्थांत भेदभाव रोखणारी यंत्रणा प्रत्यक्षात उभी राहावी, यासाठी त्यांच्या आईने, हैदराबादेत असेच जीवन संपवलेले संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आईसमवेत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. प्रवेशाचा गुण, आरक्षण आणि ‘लायकी’ यांवरची शेरेबाजी ड्युटी रूममध्ये सहज चालते, आणि जिच्यावर ती होते तिने ती हसून सोडावी अशी अपेक्षा असते. ज्या समूहात काहींना रोज आपले असणे सिद्ध करावे लागते, त्याला सहजीवन म्हणता येत नाही. म्हणून सहजीवनावरील प्रत्येक उपाययोजनेची कसोटी, तिचा लाभ सर्वांत एकट्या पडलेल्या डॉक्टरला होतो की नाही, ही असली पाहिजे.

राष्ट्रीय कृतिदलाच्या पाहणीत सहभागी झालेल्या ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी १५.३ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे स्वतः सांगितले, आणि आदल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्क्यांहून अधिक होते. ही पाहणी ऑनलाइन आणि ऐच्छिक होती, त्यामुळे हे आकडे सर्व निवासी डॉक्टरांना जसेच्या तसे लावता येत नाहीत; तरीही ते बाजूला सारण्याजोगे नाहीत. मदत मागण्यातली खरी अडचण अशी, की ज्या मनोविकार विभागात जायचे तेथील डॉक्टर हे रोजच्या भेटीतले सहकारी आणि शिक्षक असतात, केसपेपर तयार होतो तो आपल्याच रुग्णालयात, आणि बातमी युनिटपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून उपचाराची सोय संस्थेच्या बाहेर, ड्युटीच्या वेळेत आणि नाव न फुटता मिळणे आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि ती डॉक्टरांसाठीही आहे, ही साधी गोष्ट वसतिगृहाच्या फलकावर लिहिलेली असावी.

संघटनेचा इतिहास हा सहजीवनाचा दुसरा पैलू. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांची संघटना ‘मार्ड’ या नावाने ओळखली जाते, आणि विद्यावेतन, वसतिगृहे व सुरक्षा यांबाबत जे काही मिळाले त्यातले बरेचसे तिच्या आंदोलनांतून मिळाले आहे. डॉक्टरांवरील हिंसा रोखण्यासाठी राज्याने २०१० मध्ये कायदा केला. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरवर जीवघेणा हल्ला झाला आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, तेव्हा कुठे रुग्णालयांतील सुरक्षारक्षकांचा प्रश्न तातडीचा ठरला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरील निवासी डॉक्टर तरुणीवर झालेल्या अत्याचारानंतर व तिच्या हत्येनंतर देशभर जो उद्रेक झाला, त्यात विश्रांतीसाठी सुरक्षित खोलीही नसते ही व्यथा प्रथमच सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. संपात रुग्णांचे हाल होतात, हे निवासी डॉक्टरांना कोणी सांगण्याची गरज नसते. त्यांनीच त्या रुग्णांना दाखल केलेले असते. संघटनेची मर्यादा अशी, की ती संकटात एकत्र येते आणि संकट ओसरले की पांगते. रोजच्या दुःखासाठी तिच्यापाशी व्यासपीठ नसते.

त्या रोजच्या दुःखांत सर्वांत मोठे मृत्यूचे असते. पहाटे तीनला दगावलेल्या बाळाची कागदपत्रे पुरी करून तोच डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतो, आणि नंतर भरणाऱ्या मृत्यूविश्लेषण बैठकीत उपचारात काय चुकले याची चर्चा होते, त्याचे काय झाले याची होत नाही. मायकेल बॅलिंट या मानसचिकित्सकांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे छोटे गट भरवले, ज्यांत एखादा रुग्ण आपल्याला का अस्वस्थ करतो, याविषयी डॉक्टर आपसात बोलत. केनेथ श्वार्ट्झ या बॉस्टनच्या वकिलाने मृत्यूपूर्वी आपल्या आजारपणात भेटलेल्या माणुसकीबद्दल लिहिले आणि त्याच्या नावाने १९९७ पासून तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात सुरू झालेल्या बैठकांत डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी एकत्र बसून काळजी घेण्याच्या भावनिक बाजूविषयी बोलतात. या पद्धती आपल्याकडे जशाच्या तशा उचलता येणार नाहीत, कारण उतरंड इतकी उभी असताना विभागप्रमुखासमोर पहिल्या वर्षाचा डॉक्टर मन उघडे करणार नाही; गट समवयस्कांचे, वेगवेगळ्या विभागांतले आणि मूल्यमापनाचा अधिकार नसलेल्या व्यक्तीने चालवलेले असावे लागतील. पुढील प्रकरणांत अशा गटांची रचना, त्यांना लागणारा वेळ आणि ते चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा तपशील येतो. त्या साऱ्या विवेचनामागची अट एकच आहे : गटात बसलेला तास हा कामाचा तास म्हणून ड्युटीच्या तक्त्यावर मांडला जावा, आणि त्या तासात त्या डॉक्टरचा वॉर्ड दुसऱ्या कोणी तरी सांभाळावा.